धूर पाहायला आलेले पाहुणे

आमच्या गावानं धूर कमी केला की दूरच्या एका देशाला तेवढा धूर जास्त सोडायची मुभा मिळते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिडलेच होते. म्हणजे उपास आमचा अन् फराळ त्यांचा? नव्या चुली वाटणाऱ्या संस्थेचा माणूस शांत डोक्याचा होता. तो म्हणाला, "ताई, त्या देशानं जगाले शब्द देला हाये, इतकाच धूर सोडू म्हणून. घरच्या घरी जमत नाही, तं तो तुमची बचत विकत घेते. त्यातूनच तुमाले चूल भेटते. फक्त दोन्ही सरकारं राजी पाह्यजेत. अन् एकदा देलेली बचत आपल्या देशाले मग आपल्या नावावर दाखवता येत नाही."

"लग्न झालेल्या पोरीसारखं," मी म्हटलं. "आपल्या राशन कार्डातून नाव कमी, तिकडच्या कार्डात जमा."

तो हसला अन् म्हणाला, अगदी तसंच. तेव्हापासून गावात त्या व्यवहाराला सोयरीकच म्हणायचे.

कळंबच्या पुढे आमचं गाव. गॅस आहे, पण टाकी संपली की दुसरी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तो चहापुरता. स्वयंपाक चुलीवर, जळण कापसाच्या पऱ्हाट्यांचं अन् तुरीच्या तुराट्यांचं. नवी चूल निम्म्या जळणात भागवते, धूर तर नावालाच. पहिली खेप वरच्या आळीला मिळाली. त्या आळीतलं शेवटचं घर माझं. खालच्या आळीतलं पहिलं घर माझ्या धाकट्या जावेचं, मधे एकच भिंत. तिला दमा आहे. सकाळी ती चूल पेटवायची अन् भिंतीपलीकडून खोकला सुरू व्हायचा. इकडे माझ्या हातातली भाकर जड व्हायची, ताट तसंच राहायचं.

माझी चूल तिला देऊन टाकावी असं हजारदा वाटलं. पण चुलीवर नंबर, अन् माझ्या स्वयंपाकघरात तिचा फोटो काढलेला. तपासणीत चूल दुसऱ्या घरी सापडली तर गावाची सगळी बचत खोटी ठरेल, असं बजावून सांगितलं होतं. "माह्याकडे येऊन रांधत जा," म्हटलं, तर तेही नाही. भावाभावांची वाटणी वाईट झाली होती. ती म्हणायची, "चुली वेगळ्या झाल्या ना बाई? मंग आता कायले?" हट्टी तर हट्टी. दुसरी खेप आली तरच तिची धुरातून सुटका होणार होती, अन् ती खेप त्या देशाचे लोक पाहून गेल्यावर ठरणार होती.

ते येणार कळल्यावर बायका जमल्या. परदेशातले पाहुणे आपली चूल बघायला येणार, त्यांना नुसत्या चहावर बोळवायचं? कणकेचे रोडगे करायचे ठरलं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वर तूप. यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. मी माझी चूल घासूनपुसून लख्ख करत बसले होते. बाहेर आले तेव्हा देवळामागून धुराचा लोट चालला होता. रोडगे भाजायला गोवऱ्यांचा हा मोठा ढीग पेटवलेला, अन् त्याच्यापुढे माझी जाऊ. रोडगे तिच्यासारखे कुणाला जमत नाहीत, म्हणून तिलाच बसवलेलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. धूर कमी केला म्हणून पाहुणे बोलावले, अन् त्यांना वेशीतूनच धूर दिसणार. मी बादली उचलून ओतली, तर धूर दुप्पट झाला.

"काहून पाणी टाकून राह्यल्या, बाई?" जाऊ खोकत खोकत म्हणाली. "रोडगे कच्चे राह्यतीन."

"तुह्या येणाऱ्या नव्या चुलीवर पाणी पडून राह्यलं, ते दिसत नाही का तुले?" मी ओरडले. तितक्यात गाडी आलीच.

उतरल्या त्या पांढऱ्या केसांच्या एक बाई, सोबत नागपूरचा दुभाषी. बाईंनी धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं की हे रोजचं नाही, तुमच्यासाठीच केलं. दुभाष्यानं ते सांगितल्यावर बाई थोडं हसल्या. मग माझ्या घरात येऊन त्यांनी नंबर पाहिला, राख पाहिली, भिंतीवर बोट फिरवून काजळी पाहिली. तूप घातलेला रोडगा खाल्ला. चूल पसंत आहे, म्हणाल्या. मी लगेच विचारलं, "मंग दुसरी खेप कवा?"

दुभाषी बराच वेळ त्यांच्याशी बोलला. मग म्हणाला, "ते यांच्या हातात नाही, ताई. तिकडं सरकार बदललं. बाहेरून बचत घ्यावी की नाही, हाच वाद चालू हाये तिथं. दुसरा एक देश स्वस्तात द्यायले तयार हाये. अन् आपलं सरकारही म्हणते, इतकी बचत बाहेर देली तं आपला शब्द कसा पाळायचा?"

इतके दिवस मला वाटत होतं, सगळं आमच्या चुलींवर आहे. म्हणून रात्रंदिवस जीव टांगणीला लावून बसले. अन् इथं तर पोरगी पसंत, पण बैठकच बसत नव्हती. फार राग आला. कुणावर काढावा तेही कळेना.

पाऊसकाळ सरला, कापूस वेचणीला आला, खेपेची काही खबर नाही. एका सकाळी भिंतीपलीकडे चूल पेटल्याचा वास आला, पण खोकला आला नाही. मी थांबले. मग तशीच पीठभरल्या हातांनी धावले.

ती चुलीपुढेच होती. डोळे लाल, चेहरा सुजल्यागत, अन् तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. मला पाहून तिनं तो काढला.

"तुमाले खोकला आयकू येते ना, बाई," ती म्हणाली. "तुमी जेवत नाही मंग."

मी तिची पिठाची परात उचलली, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला अन् तिला माझ्या चुलीपुढे आणून बसवलं. या वेळी ती नाही म्हणाली नाही. तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली. खोकला दाटून येत होता, अन् हात सवयीनं पुन्हा पदराकडे गेला.

"सोड तो पदर," मी म्हटलं. "खोक. इथं मोकळी खोक."

ती खोकली. कितीतरी वेळ खोकत राहिली. मी तिची पाठ चोळत बसले अन् भाकर तव्यावर करपून गेली.