ठाणेदाराची खिरापत

आमची ठाणेदार कुणाकडे काही मागत नसे, सांगत असे. वय पाच, उंची रांजणाएवढी, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला टांगेवाला वळून बघायचा. माझा थोरला भाऊ, दादा, मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. तो संध्याकाळी दमून आला की त्याची ही लेक त्याला उंबऱ्यातच अडवायची. "आधी पाय धू. मंग आत ये." पाय धुऊन झाले की, "आता बस. चहा येऊन राह्यला." चहा करायची वहिनी, आणून द्यायची मी, आणि तोरा हिचा! नाव खरं तर सुमन, पण ते बारशापुरतंच राहिलं. आमच्या वऱ्हाडात पोलीस ठाण्याच्या फौजदाराला ठाणेदार म्हणतात. दादानं एकदा थट्टेनं तसं म्हटलं, गल्लीनं उचललं, आणि मग भाजीवालीसुद्धा दारात येऊन विचारू लागली, "ठाणेदार हायेत का घरी?"

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रडून का होते?" एकदा ओट्यावरून पडली, हनुवटी फुटली, फ्रॉक रक्तानं भरला. वहिनीनं गळा काढला, मी तिच्यापेक्षा मोठा काढला. आणि ही खाली बसून आम्हा दोघींकडे वैतागून बघतेय. "रडून का होते? हळद आणा ना!" तशी ती रडायचीच नाही असं नाही हो. जेवणाला उशीर झाला की असं भोकाड पसरायची की विचारू नका. पण दुखलंखुपलं म्हणून रडणं तिला कमीपणाचं वाटायचं.

तिच्या डाव्या डोळ्यात दिवेलागणीला एक पांढरी चमक दिसायची. कंदील जवळ नेला की बुबुळाच्या आत मांजराच्या डोळ्यासारखं काहीतरी लखलखायचं. आणि आम्ही काय करावं? आम्ही त्याचं कौतुक केलं! शेजारच्या काकू म्हणाल्या, लक्ष्मीची खूण आहे, पोर भाग्याची निघणार. झालं, आल्यागेल्याला आम्ही कंदील धरून ती चमक दाखवायचो आणि ठाणेदारही ऐटीत मान वर करून उभी राहायची. पुढे तो डोळा तिरळा व्हायला लागला, तेव्हा दादा तिला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "आजच्याच गाडीनं मुंबईला न्या."

कॅन्सर हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मुंबई आपली राजधानी, हे कानावर होतं, पण या दुखण्याचं माणूस तिथं नेतात ते परत आणायला नाही, अशीच सगळ्यांची समजूत. एक दूरचे नातेवाईक ओट्यावर बसून दादाला म्हणाले, "पोरीची जात. कशाले एवढी धावपळ करून राह्यला?" दादा चपला घालत होता. म्हणाला, "तुमीच सांगा मंग तिले. आत हाये ठाणेदार." ते गृहस्थ पान न खाताच उठले. माझा भाऊ बोलायचा कमी, पण बोलला की असा.

वहिनीचे दिवस भरत आलेले, तिला प्रवास शक्य नव्हता. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, तोंडानं फटकळ, कुणाला न घाबरणारी. निदान तशी ख्याती होती. म्हणून आत्याची नेमणूक झाली. मुंबईच्या त्या दवाखान्यात शिरल्यावर माझं सगळं फटकळपण पोटात गेलं. तिथल्या डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या आणि फार हळू बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, दादाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि मग खुर्ची ओढून ठाणेदारासमोर बसल्या.

"सुमन, तुझा हा डोळा आजारी आहे बाळ. तो काढावा लागणार."

ठाणेदारानं विचार केला. "अन् मंग कोणाले द्याचा?"

"कुणालाच नाही. खराब झालाय तो."

"मंग फेका."

दादा व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. मला त्या क्षणी पोरीचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही एकदम वाटू शकतं हेच मला तोवर माहीत नव्हतं.

श्रावणात तो डोळा काढला. जखम छान भरली. पण खरी गोष्ट पुढेच होती. उजव्या डोळ्यातही एक बारीक डाग सापडला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, याला मशीननं शेक देऊ, डाग जळून जाईल आणि डोळा राहील. मात्र शेक चालू असताना पोरीनं तसूभरही हलता कामा नये. हलली तर शेक भलतीकडे पडेल. रोज भूल द्यावी तर पोर खंगून जाईल.

"अन् नाही जमलं तं?" दादानं विचारलं.

"तर हाही डोळा काढावा लागेल. जीव वाचेल. पण दिसणार नाही."

जिनिंगचा हंगाम तोंडावर आलेला, दादाला परत जाणं भाग होतं. जाताना मला एवढंच म्हणाला, "तूच पाह्य आता."

मशीनची खोली म्हणजे चारी भिंती जाडजूड, मधे एक उंच टेबल, त्यावर ते मशीन तोंड खाली करून टांगलेलं. पोरीला निजवायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि सगळ्यांनी बाहेर येऊन दार लावायचं. सुईला हूं की चूं न करणारी आमची ठाणेदार दार लागायच्या आत टेबलावर उठून बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर खाली उडी मारून माझ्यामागे धावत आली. भीती नव्हती हो, संताप होता! "मले एकटीले काऊन कोंडता? मी का चोर हाये?" ठाणेदारालाच कोठडी, कसं सहन होणार? मी समजावलं, दटावलं, देवाची शपथ घातली. काही उपयोग नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी दोन दिवस बघू. मग ठरवावं लागेल."

त्या संध्याकाळी धर्मशाळेत ठाणेदार एकदम म्हणाली, "आत्या, आज भुलाबाई बसली असन." खरंच की! भादव्याची पौर्णिमा. आमच्याकडे त्या दिवशी मातीची भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमून घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. घरची बाई झाकणाच्या डब्यात काहीतरी खाऊ घालून डबा वाजवते, पोरींनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. ओळखू येऊ नये म्हणून आमच्या वहिनीसारख्या बायका खाऊ फडक्यात गुंडाळूनसुद्धा घालतात. आणि आमची ठाणेदार यात गल्लीत पहिली! मोठमोठ्या पोरी हरायच्या, ही ओळखायची.

पोर इतकी हिरमुसली होती, म्हटलं चला, इथंच बसवू भुलाबाई. कोपऱ्यावरून साखरफुटाणे आणले, पितळी डब्यात घातले आणि वाजवले. ठाणेदार स्तब्ध झाली. मान जराशी कलती, उरलेला डोळा मिटलेला, ओठ घट्ट, श्वाससुद्धा धरलेला. मी बघतच राहिले. मी डबा खाली ठेवला तरी ती तशीच. मग कधीतरी म्हणाली, "साखरफुटाणे!" आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अगं बाई, हीच का ती टेबलावरून उड्या मारणारी?

सकाळी मी डबा घेऊन डॉक्टरबाईंपुढे उभी. भुलाबाई म्हणजे काय इथून सुरुवात केली. त्या मुंबईच्या, त्यांना यातलं ठाऊक नव्हतं. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "करून बघा." मी पोरीला टेबलावर निजवलं आणि कायदा सांगितला. डबा वाजणार, दार लागणार, खिरापत मनातल्या मनात ओळखायची. दार उघडलं की सांगायचं. हालली ती हरली.

"हाव," ठाणेदार म्हणाली. "पण दोनदा वाजव." मग डॉक्टरबाईंकडे वळून, "अन् मी हालली नाही तं दिसन ना मले?"

"दिसेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोठा ऐकला मी.

दार लागलं. मशीन घुमायला लागलं. जाड काचेतून मी बघत होते. ती भुलाबाईच्या मूर्तीसारखी पडलेली. बोट हाललं नाही. दार उघडल्यावर डोळा मिटलेला ठेवूनच म्हणाली, "शेंगदाणे हायेत. पण त्याच्यात काहीतरी कपटी हाये." होतंच. मी मुद्दाम दोन गूळखडे टाकले होते.

मग ती भुलाबाई रोज बसली. मशीन चालवणारे काका मालवणकडचे, थट्टेखोर. एक दिवस त्यांनी मला न सांगता डब्यात मशीनचे स्क्रू भरले. ठाणेदार पूर्ण वेळ निपचित पडून राहिली आणि दार उघडताच कडाडली, "हे खाऊ नोहे! हे लोखंड हाये. तुमीच खा!" काका हसून हसून खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या गावचं खाजं आणलं. ते तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं. तेवढ्या एकाच वेळी ती "हरली" म्हणाली, पण खाऊन झाल्यावर लगेच हुकूम सुटला, "रोज हेच आणजा."

खिरापत एकटीनं खायची नसते, म्हणून बाकावर बसलेल्या बाकीच्या पोरांना ती वाटायची. कुणी गुजराती, कुणी कानडी, कुणाचं डोकं गुळगुळीत, कुणाच्या पायाला पट्टी. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. पण ठाणेदार प्रत्येकाच्या हातावर चार दाणे ठेवून वऱ्हाडीत दम द्यायची, "अंदर गेलं की हालाचं नाही बे." आणि मुंडी हलवायची सगळी!

शेवटी शेवटी मात्र फार हाल झाले तिचे. कानशिलाची कातडी काळी पडून सोलली, त्या बाजूचे केस गेले, पोटात अन्न ठरेना. खाऊचं नाव काढलं की ओकारी. मला धडकीच भरली. खिरापत नको झाली तर आता ही कशासाठी पडून राहणार? त्या दिवशी मी डबा नेलाच नाही. टेबलावर निजल्यावर तिनं विचारलं, "डबा कोठी हाये?"

"तुला खाववत नाही ना गं राणी."

"खात नाही. तू वाजव."

मी धावत जाऊन कुणाचा तरी डबा मागून आणला, त्यात होतं नव्हतं ते घातलं आणि वाजवला. पोर पडून राहिली. सुपारीसुद्धा ओळखली. त्यानंतर शेवटपर्यंत एक घास न खाता तिनं रोज खिरापत ओळखली. माझी भाची होती ती, सांगते ना! मी पुढे जन्मभर शाळेत शिकवलं, हुशार पोरं ढिगानं पाहिली, पण अशी छाती कुणाची पाहिली नाही.

कोजागिरी झाल्यावर डॉक्टरबाईंनी डोळा तपासला. बराच वेळ तपासला. मग म्हणाल्या, "डाग वाळला. डोळा राहिला." मी तिथंच फरशीवर बसून हंबरडा फोडला. ठाणेदार अजून तशीच ताठ निजलेली. तिनं विचारलं, "आता हालू?"

पुढचं सगळं थोडक्यात सांगते, कारण ते सरळ आहे. तपासण्यांसाठी मुंबईच्या कितीतरी खेपा झाल्या. काचेचा डोळा बसला. शाळेत एका कार्टीनं "काणी" म्हणून चिडवलं, तर हिनं डोळा काढून तिच्या पाटीवर ठेवला. "घे, तूच पाह्य याच्यातून." ती पोर आठ दिवस शाळेत आली नाही. लग्न ठरताना आम्ही कसं सांगावं म्हणून कुजबुजत होतो, तर हिनं पाव्हण्यांना चहा देता देताच सांगून टाकलं. जावई अजून तिला ठाणेदारसाहेब म्हणतात. चिखलीला मुख्याध्यापिका झाली, रिटायर झाली, आणि अजूनही मला फोनवर विचारत नाही, सांगतेच.

पण मला कुणी तिची आठवण विचारली, की मुंबईहून घरी आलो ती दुपार डोळ्यांपुढे येते. वहिनीला मधल्या काळात मुलगा झाला होता. दोन डोळ्यांची लेक तिनं आमच्या हाती दिली होती. आता कानशील काळवंडलेलं, अर्धं डोकं उघडं, एका डोळ्यावर पट्टी, अशी पोर, स्टेशनवर घ्यायला आलेल्या दादाच्या कडेवरून अंगणात उतरली. वहिनी दारात आली, एकदा बघितलं आणि पदर तोंडावर घेऊन मागे सरली. तिला बघवेना.

ठाणेदार चालत गेली आणि तिनं तो पदर खाली ओढला.

"तोंड झाकू नोको," ती म्हणाली. "मले पाहू दे. मी त्याच्यासाठीच नाही हालली."

वहिनीनं पदर सोडला, उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसली आणि पोरीचं मन भरेपर्यंत तोंड वर करून तशीच राहिली.