पंख हलवले की सोड

दोनशे फुटांवर विमानाचे नाक वरखाली होऊ लागले. आधी हळू, मग झोपाळ्यासारखे. वेग हवा त्यापेक्षा जास्त होता. ठरल्याप्रमाणे मी पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवले. समोर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विंचपाशी नामदेव उभा होता. ही खूण पाहून त्याने ओढ कमी करायची होती. ओढ वाढली.

त्याला दिसले नसेल, असे मला वाटले. पुन्हा पंख झुकवले, या वेळी जोरात. ओढ आणखी वाढली. माझ्या खांद्यामागे लाकूड कुरकुरले.

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली, अकोल्याच्या धावपट्टीवरची ही गोष्ट आहे. तिथल्या ग्लायडिंग क्लबात मी इन्स्ट्रक्टर होतो. शिक्षण पुण्याचे, भाषाही पुण्याची. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते आपण होऊन वर चढत नाही, त्याला ओढून चढवावे लागते. त्यासाठी विंच असतो. विंच म्हणजे विहिरीवरचा रहाट समजा, फक्त आडवा ओढणारा. त्याच्या पिंपावर अर्धा मैल पोलादी केबल गुंडाळलेली असते. केबलचे टोक ग्लायडरच्या हुकात अडकवायचे आणि पिंप फिरवायचे. पतंग ओढल्यावर चढतो तसा ग्लायडर चढतो. पुरेशी उंची मिळाली की पायलट रिलीजची मूठ ओढतो, केबल गळून पडते, आणि पुढे तो आणि हवा.

विंच बहुधा पेट्रोलच्या इंजिनावर चालतात. आमच्याकडे तसे इंजिन नव्हते. गावात एक बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी होती. तिथली विजेची मोटर आम्ही आणली आणि मोटरीबरोबर तिचा फिटरही आणला. तो नामदेव वानखडे, मूर्तिजापूरकडचा. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी धम्म घेतला तेव्हा तो जिनात नुकता लागला होता. मोटरीला पाच खाचांचे हँडल होते. पहिल्या खाचेवर हँडल ठेवले की पिंप हळू फिरे, पाचव्यावर सुसाट. इंजिनाला वेग घ्यायला दम लागतो, विजेच्या मोटरीला लागत नाही. हँडल सरकले की धक्का थेट पायलटच्या पाठीत बसे. नामदेव हँडल असे सरकवी की धक्का कळतही नसे.

नामदेव मागच्या महिन्यात गेला. जलदान विधीला मी मूर्तिजापूरला गेलो होतो. जुन्या क्लबातले एक गृहस्थ तिथे भेटले. मंडपाबाहेर चार जणांत ते सहज म्हणाले, "माणूस चांगला, पण त्याच्या हातून एकदा इमान पडलं होतं." वऱ्हाडात विमानाला इमान म्हणतात. नामदेवची मुलगी शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. एवढ्या माणसांत मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे सावकाश लिहितो आहे.

ते विमान देशमुख सरांचे. सर अमरावतीला शिकवत. गाव चांदूर रेल्वेजवळ, घरची काळी जमीन. राहत्या घरामागच्या गोठ्यात चार वर्षे संध्याकाळी खपून त्यांनी शेपूट नसलेला ग्लायडर बांधला होता. शेपूट नाही आणि धडही नाही. नुसता एक लांब पंख, मध्ये बसायची जागा. दोन तुकडे करून तो ट्रकने अकोल्याला आणला तेव्हा बघ्यांची गर्दी झाली.

"याचं मुंडकं कुठी हाय बाप्पा?" एका म्हाताऱ्याने विचारले.

नामदेव म्हणाला, "आपल्या ईजेवर उडते बाबा हे. मुंडकं कायले पायजे?"

त्या दिवसापासून आसपासच्या गावांत ते 'ईजेवरचं इमान' झाले; ईज म्हणजे वीज. तसे ते खोटेही नव्हते. ते जेवढे चढे तेवढे नामदेवच्या मोटरीवरच.

शेपटीचे काम बाणाच्या पिसांसारखे असते. ती विमानाला सरळ ठेवते. ती नसली की नाकाला वरखाली होण्याची खोड लागते, आणि वेग वाढला की खोडही वाढते. म्हणून वेग बेताचा ठेवणे हीच या चाचणीतली मुख्य गोष्ट होती. नेहमीच्या ग्लायडरमध्ये वेग जास्त झाला तर पायलट शेपटीची सुकाणूपट्टी हलवून विंचवाल्याला कळवतो. इथे शेपूटच नव्हती, त्यामुळे दुसरी खूण ठरवणे भाग होते.

आदल्या दोन दिवसांत आम्ही पहिल्या-दुसऱ्या खाचेवर वीस-वीस फुटांच्या उड्या मारल्या होत्या. त्यात विमान थोडे दबत होते, म्हणजे ओढ कमी पडून खाली बसत होते, पण वागणे चांगले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी खरी उंची घ्यायची होती. वारा पडलेला होता. मी, सर आणि नामदेव विंचपाशी उभे होतो.

मी म्हणालो, "नामदेव, तिसऱ्या खाचेवर ठेव. मी पंख हलवले की सोड."

"पंख हालले का सोडायचं," तो म्हणाला.

"हो. लगेच सोड. वाट पाहू नकोस."

"नाई पायत साहेब. हालले का सोडली."

हुकूम दिला की ऐकणाऱ्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. नियम पुरा झाला. मी दुसऱ्या टोकाला जाऊन विमानात बसलो.

पुढचे वर सांगितलेच आहे. दुसऱ्यांदा ओढ वाढल्यावर मी रिलीजची मूठ ओढली. केबल इतकी ताणलेली होती की हुक सुटेना. नाक खाली दाबले, केबल क्षणभर सैल पडली, तेव्हा सुटली. विमानाने दोन मोठे हेलकावे खाल्ले. वळायला उंची नव्हती. पट्टी संपल्यावर समोर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, वावर होते, त्यात उतरलो. उजव्या पंखाचे टोक मोडले, पोटाखालची, उतरताना टेकायची घसरपट्टी उखडली. मला जिभेला दात लागण्यापलीकडे काही झाले नाही.

सर धावत आले. आधी त्यांनी माझा हात धरला, मग मोडलेल्या पंखाकडे पाहिले. त्यांच्यामागून क्लबचे सेक्रेटरी आले. ते वकील होते.

विंचपाशी पोचताच त्यांनी विचारले, "पाचव्या खाचेवर कोणी नेलं?"

"मीच नेलं," नामदेव म्हणाला.

"कोणाच्या हुकमानं?"

"साहेबांच्या."

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी कमी करायला सांगितलं होतं."

"आयकलं? वरून खोटं बोलून राहिला."

"मी काहून खोटं बोलू वकीलसाहेब? सर होते ना इथी. इचारा त्यायले."

सरांना विचारले. ते म्हणाले, "सोड असं म्हणाले हे खरं. आता सोड म्हणजे कमी कर, दुसरं काय?"

नामदेव तिघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग कापूस घेऊन हँडलवरचे ग्रीस पुसू लागला. तेव्हा मलाही तो खोटे बोलतो आहे असेच वाटले होते. हे लिहायला आवडत नाही, पण तसे वाटले होते.

दुपारी ऑफिसात सेक्रेटरींनी हिशेब साधा करून सांगितला. विमान-खात्याला रिपोर्ट पाठवायचा होता. त्यात ऑपरेटरची चूक असे लिहिले तर ऑपरेटर बदलला म्हणून कळवता येईल आणि चाचणी पुढे चालू राहील. पद्धतीत दोष असे लिहिले तर खाते सगळेच थांबवील. सरांची चार वर्षे गोठ्यात परत जातील. "आणि त्याची नोकरी अजून पक्की नाही," ते म्हणाले. "पुढल्या महिन्यात कन्फर्म व्हायचा होता. म्हणजे काढायले अडचण नाही."

जिन बंद होते. ही नोकरी गेली तर नामदेवला अकोल्यात दुसरी मोटर नव्हती. शिवाय 'विमान पाडणारा' म्हणून गेलेल्या फिटरला कोण ठेवून घेणार?

रिपोर्टवर सही माझी लागणार होती. सही करण्याआधी मी विंचपाशी गेलो. नामदेव केबलला कुठे पीळ बसला आहे का ते हात फिरवून पाहत होता.

मी विचारले, "मी पंख हलवल्यावर तू नक्की काय केलंस?"

"सोडली."

"काय सोडलीस?"

त्याने मान वर केली. इतक्या सोप्या गोष्टीला हा माणूस काय विचारतो, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. "ईज, साहेब. एकदा पंख हालवले, एक खाच सोडली. अजून हालवले, अजून एक सोडली. परवा इमान दबत होतं ना? मले वाटलं, जास्त मागून राहिलं."

"जिनात मोटर चालू करायची असली की काय म्हणत होतात?"

"ईज सोड."

"आणि कमी करायची असली तर?"

"उतरव. नाई तं बंद कर." तो म्हणाला, "तुमी उतरव म्हणले असते, साहेब, तं मी उतरवली असती."

मी तिथेच पिंपाच्या काठावर बसलो. पुण्यात आम्ही दोरी सोडतो, हात सोडतो. जे धरलेले असते ते सोडतो. पण पाणी सोडले की ते येते. वीज सोडली की तीही येते. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होते, फक्त त्या सकाळी आठवले नव्हते. नामदेवच्या हातात दोरी नव्हती, वीज होती. त्याने माझा शब्द जसा दिला तसा परत म्हटला आणि अगदी बिनचूक पाळला.

ऑफिसात परत आलो तेव्हा सर बसलेलेच होते. मी विचारले, "सर, तुमच्या मळ्यात पंपावर गडी उभा आहे. लांबून तुम्ही हात केलात आणि ओरडलात, सोड. तो काय करील?"

"पाणी सोडील," सर म्हणाले.

सेक्रेटरी म्हणाले, "हे भाषेचं कीर्तन खात्याला इंग्रजीत कसं लिहिणार?"

सरांनी उत्तर दिले, "जसं झालं तसं लिहू द्या. पंख मी पुन्हा बांधीन. तो पोरगा खोटा ठरला तर त्याले पुन्हा कसा बांधू?" सर सहसा वऱ्हाडी बोलत नसत. तेवढे एकच 'त्याले' त्या दिवशी आले.

मी लिहिले: हुकमाचा शब्द दोन अर्थांचा होता, तो इन्स्ट्रक्टरने निवडला, ऑपरेटरने त्याच्या धंद्यातल्या अर्थाने तो पाळला, दोष इन्स्ट्रक्टरचा. इंग्रजीत ते अर्ध्या पानात बसले.

सेक्रेटरींचा अंदाज बरोबर निघाला. खात्याने चाचणी थांबवली, जवळजवळ वर्षभर. पुन्हा परवानगी आली ती दोन अटींवर. हुकमाचे शब्द आधी कागदावर लिहून खात्याकडे पाठवायचे, आणि चाचणीचे उड्डाण बाहेरून आलेला पायलट करील. मी नाही. शेपूट नसलेल्या त्या विमानात वीस फुटांच्या उड्या आणि ती एक फसलेली फेरी, एवढेच माझ्या वाट्याला आले. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

त्या उड्डाणाच्या वेळी मी विंचपाशी नामदेवच्या शेजारी उभा होतो. त्याची नोकरी तोवर पक्की झाली होती. विमान तिसऱ्या खाचेवर चढू लागले. मध्येच पंख झुकले. मी तोंड उघडायच्या आत त्याने हँडल एक खाच खाली घेतले. नाक डोलायचे थांबले. केबल गळाली. विमान धावपट्टीवर दोन घिरट्या घालून सरळ उतरले. सर पट्टीच्या कडेला चष्मा पुसत होते.

"उतरवली," नामदेव म्हणाला.

पुढे बावीस वर्षे मी शिकवले. शिकाऊ मुलांना 'समजलं का' हा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. हुकूम परत म्हणवून घेतल्यावर मी म्हणे, आता हाताने करून दाखव. यात वेळ जातो आणि मुले कंटाळतात. दुसरा तोटा मला आढळला नाही.