चुली मोजणारे अण्णा

अण्णा कुणाच्याही दारात गेले की आधी चपला काढायचे, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मान लांब करून आत चुलीकडे बघायचे आणि मग नमस्कार करायचे. तुम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहिलं असतं तर वाटलं असतं, हा गृहस्थ जेवणाची वेळ साधून आलाय.

"चुली किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाव, गाव, धंदा सगळं नंतर.

सोलापुरातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत आम्ही बरोबर होतो. कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पाच टेबलं, एक कपाट आणि पुठ्ठ्यांत बांधलेले प्रश्नावल्यांचे गठ्ठे, एवढीच ती संस्था. कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी ती काढली होती. इथल्या माणसांविषयी पुण्यामुंबईच्या लोकांनी अंदाज बांधण्यापेक्षा आपणच घरोघर जाऊन विचारावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आम्ही 'सर' म्हणायचो. संस्था निघाली त्या दिवशी खुर्च्या वर चढवायला जे गृहस्थ आले, ते अण्णा. खुर्च्या लावून झाल्यावर ते गेलेच नाहीत. पहिली पाहणी गिरणी कामगारांच्या चाळींची होती. सरांना तेलुगू येत नव्हतं, कन्नडही नव्हतं. अण्णांना दोन्ही यायचं, शिवाय दखनीत ते भांडूही शकायचे. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेलं, पण बघता बघता क्षेत्रकामाचे प्रमुख तेच झाले.

कुटुंब म्हणजे काय, यावर सरांनी इंग्रजीत पाऊण पान लिहून ठेवलं होतं. अण्णांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि घरोघर प्रश्न विचारत फिरणाऱ्या नव्या अन्वेषकांसाठी त्याचं मराठी केलं: "एक चूल, एक कुटुंब. बाकी सगळं सरांचं."

ही व्याख्या त्यांनी घरीही सोडली नाही. त्यांच्या मुलीला बघायला अक्कलकोटकडची मंडळी आली होती. मुलाचे वडील छाती काढून म्हणाले, "आमचं एकत्र कुटुंब आहे, सतरा माणसं." अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"चुली किती?"

पाहुण्यांना ठसका लागला. "तीन," ते म्हणाले.

"मग कुटुंबं तीन."

लग्न जमलं. अण्णांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला पुढं कितीतरी वेळा सांगायच्या, "जमलं ते माझ्यामुळं हो. ह्यांनी तर पाव्हण्यांची मोजदादच लावली हुती." त्यावर अण्णा शांतपणे म्हणत, "तीन हायत म्हणून तर दिली पोरगी. सतरा माणसांच्या भाकरी तिनं एकटीनं थापायच्या व्हय?"

मी वैरागचा. वडील तिथल्या बाजारात पोती उचलायचे. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. संस्थेत लागलो तेव्हा वडिलांनी बाजारभर सांगितलं की पोरगं सोलापुरात संशोधन करतंय. कुणी विचारलं, कशाचं? वडील म्हणाले, "माणसांचं." त्यांना त्याहून जास्त ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. नेमणूक सहा महिन्यांची होती. काम बघून कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं होतं. दुष्काळ नुकताच ओसरला होता, आणि वैरागला परत जाऊन मी काय उचलणार होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

अण्णा मला 'पदवीधर' म्हणायचे. "काय पदवीधर, पेन हाय का खिशात, का नुसतीच पदवी?" पण शिकवताना हातचं काही राखलं नाही. बाई एकटी असेल तर दारातच बसायचं, आकडा सांगताना माणूस वर बघायला लागला की पेन थांबवायचं, आणि पाणी दिलं तर नाही म्हणायचं नाही. मी ते सगळं वहीत उतरवून घ्यायचो. ती लांब केलेली मानही शिकलो.

सहावा महिना चालू होता. भवानी पेठेत हातमागावर विणणाऱ्यांच्या एका गल्लीची पाहणी माझ्याकडे होती. मी दारादारात उभा राहून मान लांब केली. बहुतेक घरांत चुली दोन. दोन भाऊ, दोन चुली. मी प्रत्येक घरात दोन कुटुंबं लिहिली, एकाचा प्रमुख थोरला, दुसऱ्याचा धाकटा. गल्ली दोन दिवसांत संपली. वेग बघून सर खूश झाले, आणि गल्लीचा पहिला तक्ता त्यांनी मुंबईला रवाना केला. ही पाहणी तिथल्याच साहेबांनी पैसे देऊन सांगितलेली होती.

आठवड्यानं अण्णांनी माझा गठ्ठा तपासायला घेतला. बराच वेळ पानं उलटत राहिले.

"पदवीधर, ह्या गल्लीतले धाकटे भाऊ जेवत न्हाईत का?"

मला कळेना. त्यांनी धान्याचा रकाना दाखवला. थोरल्याकडं ज्वारी, तूर, तांदूळ. धाकट्याकडं काही नाही. सगळ्या घरांत तसंच.

"आख्खी गल्ली उपाशी," अण्णा म्हणाले. "आन् मी परवा तिकडनं गेलो तवा सगळी ढेकर देत हुती. दुसरी चूल कशाची, इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मी मान लांब केली होती. त्यानंतर अण्णा प्रश्न विचारायचे, ते माझ्या वहीत आलंच नव्हतं.

रविवारी ते मला घेऊन त्या गल्लीत गेले. पहिल्याच घरात विचारलं, "ही चूल कशाची?" घरातली थोरली सून हसायलाच लागली. ती चूल खळीची होती. विणण्याआधी सुताला जी कांजी लावतात, ती त्या चुलीवर शिजायची. तिच्यावर कुणी कधी चहासुद्धा ठेवला नव्हता. मी खळीची कुटुंबं मोजली होती.

आत मागावर बसलेल्या धाकट्या दिराला हे कळलं. तो तिथूनच ओरडला, "वैनी, आजपासून मी वेगळा बरं का. कागद झालाय."

"मग आज खळ पी," थोरली सून म्हणाली. "भाकरी आमच्या चुलीवरची हाय."

सगळ्या गल्लीत तेच झालं. लोक आम्हाला चिडवत होते, अण्णा त्यांच्याबरोबर हसत होते आणि खाडाखोड करत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वैरागचा बाजार होता. परतताना मी विचारलं, "अण्णा, मुंबईला गेलेल्या तक्त्याचं काय?"

"सांगावं लागतंय की. खोटं ठिवून कसं चालंल?"

सोमवारी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. सर रागावले की हळू बोलायचे. "ही चूक कुणाची?" ते इतकं हळू म्हणाले की मला माझं नाव ऐकू आल्यासारखं वाटलं.

अण्णा म्हणाले, "व्याख्या माझी हाय सर. एक चूल, एक कुटुंब. जेवणाची चूल, आसं लिवायला पायजे हुतं. न्हाय लिवलं."

"पण अण्णा, चुली बघायला तुम्ही गेला नव्हतात."

"त्येच की. प्रमुख हाय मी. जायाला पायजे हुतं."

मी तिथंच उभा होतो. बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की विचारायचं मी विसरलो. वडील बाजारात काय सांगतील, हेच डोक्यात होतं. तेवढ्यात सरांनी "ठीक आहे" म्हटलं आणि ती वेळ गेली.

महिन्याअखेर मला कायम केल्याचं पत्र आलं. त्याच दिवशी अण्णांना टेबलाचं काम दिलं गेलं. मुंबईच्या साहेबांना काहीतरी कळवावं लागतंच. क्षेत्रकामाच्या प्रमुखाला शिक्षण हवं, असं आता सरांनाही वाटू लागलं होतं. अण्णांनी आतल्या खोलीत बसून रकान्यांच्या बेरजा करायच्या होत्या. मी त्यांच्यापुढं पत्र घेऊन गेलो. काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी बोलू दिलं नाही. "पेढे कुटं हायत? पदवीला दिले आसतील, कायम झाल्याचे वेगळे."

बेरजा ते चोख करायचे. पण संध्याकाळी मी क्षेत्रातून परत आलो की पेन्सिल खाली ठेवायचे. "कागदावरचं मी वाचतो. ऱ्हायलेलं सांगा." मग मी सांगायचो. कुठल्या घरात म्हातारीनं हाकललं, कुठं नवऱ्याचा आकडा बायकोनं आतून दुरुस्त केला. ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मध्येच म्हणायचे, "तितं थांबायला पायजे हुतं, आजून बोलली आसती." त्यांचं बरोबर असायचं.

दीड-दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. चहा झाला, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी होटगीला रेल्वेच्या माणसांची पाहणी होती. मी म्हटलं, "अण्णा, उद्या येता का बरोबर?"

"मी कोण म्हणून येऊ?"

"या की नुसते."

ते धुतलेला सदरा घालून गाडीच्या आधी अर्धा तास स्टेशनवर हजर होते. होटगीत माझी पिशवी त्यांनीच धरली. मी मागत राहिलो, ते देईनात. पहिल्या घरी एक म्हातारी निवडणं करत बसली होती. मी नमस्कार केला, प्रश्नावली उघडली, पहिला प्रश्न विचारला. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"ह्ये कोण?" ती अण्णांकडं बोट करून म्हणाली.

"हे आमचे साहेब," मी म्हणालो.

"न्हाय हो आज्जी, सायेब ह्ये हायत. मी आपला सोबतीला."

म्हातारीनं माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला. सूप बाजूला सारून ती अण्णांना कन्नडमध्ये काहीतरी सांगायला लागली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्याआधी त्यांनी कधी माझी परवानगी मागितल्याचं मला आठवत नाही, पण ती नजर परवानगीचीच होती. मी मान हलवली. ते उंबऱ्यावर टेकले. म्हातारी बोलत होती, अण्णा मराठीत सांगत होते, मी लिहीत होतो. दुपारपर्यंत आम्ही अशीच घरं केली. कुठल्याही घरात त्यांनी घाई केली नाही आणि मीही केली नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. होटगीचा तो गठ्ठा संस्थेच्या कपाटात आहे. इतक्या भरगच्च प्रश्नावल्या आमच्याकडं दुसऱ्या कुठल्याच पाहणीच्या नाहीत. प्रत्येक पानाखाली अन्वेषकाच्या सहीची एक ओळ असते. त्या सगळ्या ओळींवर सही माझी आहे.