आजोबांचा राहिलेला अध्याय

नगर सोडून मोटार आष्टीच्या वाटेला लागली तेव्हा माझ्या मांडीवर वंशवृक्षाची गुंडाळी होती. आमचे आजोबा वडवणीपलीकडच्या एका लहानशा गावचे पुराणिक. सुभेदाराने अपमान केला म्हणून त्यांनी नेसत्या वस्त्रानिशी गाव सोडून पुणे गाठले, असे वडील सांगत. आता कुलवृत्तांत छापायचा, तर या बाणेदारपणाला लेखी आधार हवा. तो आणायला मला धाडले होते.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने गुंडाळी उलगडली.

"ह्यो नकाशा कसला?"

"नकाशा नव्हे, आमचं घराणं आहे."

त्याने एकेक फांदी पाहिली, मग मोटारीत डोकावला. "एवढे समदे येनार हायेत का?"

मी एकटाच आहे हे पटवता पटवता माझा पारा चढला. राग नाकावर असणे ही आमची पिढीजात देणगी, आणि तेव्हा मला तिचा अभिमानही होता.

बीडला खाणावळीत भाकरीबरोबर ठेचा जरा जास्तच घेतला आणि डोळे पुसत वाचनालयात शिरलो. ग्रंथपालांना सारे मुन्शीजी म्हणत. तिथली रीत अशी, की वाचायचे ते मोठ्याने. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना अक्षरओळख नाही, मग त्यांनी काय नुसते बसून राहायचे? मी आजोबांचे नाव-गाव सांगताच मुन्शीजींनी गावोगावच्या हकिकतींची एका जुन्या मास्तरांनी लिहिलेली वही काढली. मी हात पुढे करेपर्यंत त्यांचा खडा आवाज सुरू झाला होता.

"चातुर्मासात पोथी चालू असता पाटील घोरू लागले. सबब पुराणिकबुवा संतापले, शेवटचा अध्याय बाकी ठेवून पोथी बांधली व गावातून निघून गेले. समाप्ती न झाल्याने गावाने पुन्हा पोथी लावली नाही."

सुभेदाराचा पत्ताच नव्हता! खोलीभर हशा पिकला. धरणी दुभंगेल तर बरे, असे मला झाले.

कोपऱ्यातला एक शेतकरी मात्र हसला नाही. "आमी त्याच गावचे. कावून (का) गेले ओ तुमचे आजे? आमच्याकडं अर्ध्यात काम टाकलं की म्हनत्यात, पुराणिक झाला."

हे मात्र जिव्हारी लागले. ज्या नावाची आम्ही घरी मिरवणूक काढायचो, त्याची गावात शिवी झाली होती.

"शेवटचा अध्याय मी वाचला तर चालेल?"

"लई उपकार व्हतील!"

आजोबांनी बांधून ठेवलेली तीच पोथी पुढे मास्तरांच्या वहीबरोबर वाचनालयाच्या कपाटात आली होती. पण मुन्शीजी म्हणाले, "किताब नजरेआड जानार न्हाई. कायदा हाय." मी तडकलो, ते शांत. घटकाभराने त्यांनीच टोपी चढवली. "चला. नजर बी संगं येते."

बैलगाडीत आम्ही तिघे आणि पोथी. दोहो बाजूंना ज्वारीची रानं, मागे डोंगर. गाडी आपटली की मुन्शीजी पोथी अलगद उचलून धरत. माझे डोके दोनदा गाडीच्या आडव्या दांडीला आपटले, पण त्याची चौकशी कोणी केली नाही.

देवळात सारा गाव जमला, पण बसायला कोणी तयार नाही. पाटलांचा नातू हात जोडून म्हणाला, "उभंच ऐकतो. बसलं की डोळा लागतो."

मी वाचू लागलो. अर्ध्यावर मुन्शीजींनी ओळीवर बोट ठेवले. "एक ओळ राहिली."

एवढ्या लोकांसमोर! पोथी मिटून चालू लागावे असे वाटले, खोटे कशाला सांगू? आजोबा त्या क्षणी मला अगदी कळले. पण मी मागे गेलो आणि ती ओळ वाचली.

समाप्ती झाली. आरतीनंतर एक थकलेली म्हातारी काठी टेकत आली. आजोबा वाचत तेव्हा ती नवी नवरी होती.

"तुजा आजा लई ग्वाड वाचायचा," ती म्हणाली. "तुजं काय खरं न्हाई. पन पुरी केलीस, बाबा."

इतके सुख मला कुठल्याच शाबासकीने झालेले नाही.

पुण्यात वडील ओसरीवरच वाट पाहत बसलेले. "सुभेदाराचं सापडलं?"

मी सांगू लागलो. पाटलांच्या घोरण्यापाशी आलो तसे त्यांचे नाक लाल झाले आणि ते ताडकन उठून दाराकडे निघाले.

"बाबा," मी म्हणालो, "थोडं राहिलंय."

ते उंबरठ्यात थांबले. मग परत येऊन बसले. आमच्या घराण्यात निघालेला माणूस परत आल्याचे हे पहिलेच उदाहरण, म्हणून कुलवृत्तांतात ते मी मुद्दाम नोंदले आहे.