गार पडलेला माल

आज सकाळी लातुरात आमच्या गल्लीत डांबराचं काम सुरू झालं आणि त्या वासानं मी थेट औशाच्या रस्त्यावर जाऊन पोचलो. तिथं मी नवखा इंजिनियर होतो. एके दिवशी खडी-डांबराचा ट्रक उशिरा आला आणि माल किती गरम आहे ते मोजायचा माझा थर्मामीटर नेमका फुटलेला. रोलरवाल्याला हात करणार, तोच माल पसरणाऱ्या कोंडाबाई म्हणाल्या, "थांबा सायेब, माल गार हाय. रोज चपलेतून पाय भाजत्यात, आज भाजंनात."

गार माल दाबला तर रस्ता लवकर उखडतो, म्हणून मी पसरलेला माल उचलायला लावून ट्रक परत पाठवला. रस्ता अजून टिकून आहे आणि हा किस्सा मी वर्षानुवर्षं कौतुकानं सांगत आलो.

मघाशी गल्लीतल्या ताज्या डांबरावर माझा पाय पडला. चटका बसताच मी उडी मारली. पाय रोज भाजतात, हेही कोंडाबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. मी फक्त मालाचं ऐकलं.