बैलाच्या पोटावरचा आकडा

राजापेठेत दामिनी गावंडेबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं आणि ते चांगलं नव्हतं. समोरच्या कौशल्याकाकू दारात बसून डाळ निवडता निवडता म्हणायच्या, "थे बाई हवा बी आधी बुक करन आन मंग आपल्याले इकन." आवाज असा लावायच्या की रस्त्यापलीकडे गेलाच पाहिजे. तो जायचाही. पण दामिनीला त्याचं वाईट वाटत असेल असं कोणी समजू नये. दुकानात एखादं गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की तीच समोर बोट दाखवायची, "काकूनं सांगतलं नाई काय तुमाले माह्याबद्दल? मंग भाव कावून करून राहिले?"

दुकान ट्यूशन क्लासच्या जिन्याखालचं. दर्शनी भागात बांगड्या, पाकिटं, वाढदिवसाच्या भेटवस्तू. खरा धंदा मागच्या कपाटात होता. लहान मुलांच्या हातात मावतील अशा लोखंडी मोटारी यायच्या, त्यातली काही मॉडेलं कंपनी मोजकीच काढायची. दामिनी ती बाजारात यायच्या आधीच पुरवठादाराकडून पेटीच्या पेटी नोंदवून ठेवायची. मग चाळिशीतले बँकवाले, वकील, एक-दोन प्राध्यापक दुकानात येऊन इकडेतिकडे बघत हळूच विचारायचे, "ती लाल आली का?" आलेली असायची. तिप्पट भावात असायची.

हे वळण तिला कॉलेजात लागलं. नव्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी बायकांची रांग आखूड असते, हे तिच्याआधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही, पण त्याचा उपयोग तिनं केला. स्वतःचं तिकीट काढताना आणखी तीन काढायची आणि थेटराच्या पायऱ्यांवर उभी राहून, तोंडाला ओढणी न बांधता, विकायची. मैत्रिणी लाजून लांब उभ्या राहायच्या. पिक्चर मात्र तिच्याच पैशानं बघायच्या.

तिचा एक कायदा होता आणि तो ती कोणालाही ऐकवायची. "ज्याच्याबिगर कोनाचं अडत नाई, त्याचा भाव मी ठरवीन. दवाई इकत नाई, दाना इकत नाई, पोट्ट्यायची पुस्तकं इकत नाई. शौक करायचा असन तं पैसे मोजा." खरं सांगायचं तर या कायद्यात खोट काढणं अवघड होतं. राजापेठेतल्या पुष्कळ शहाण्यांनी प्रयत्न करून पाहिला आणि जाताना एखादी मोटार घेऊन गेले.

मग तिला पंजाबराव मिस्तरी दिसले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवतात, चाकांवर दारोदार ओढत नेतात, घरची बाई बैलाला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवते. त्यासाठीचे बैल घेऊन अंजनगाव सुर्जीचे हे म्हातारे सुतार दर वर्षी राजापेठेच्या फुटपाथवर गोणपाट टाकून बसायचे. सागाचा बैल, मान जराशी वळलेली, वशिंड असं की हात फिरवावासा वाटावा. आणि त्यांच्यापुढे उभं राहून सारी राजापेठ घासाघीस करायची. शेजारी प्लास्टिकचे बैल लटकत होते, ते दाखवून भाव पाडायची. एका वर्षी पोळ्याच्या संध्याकाळी दामिनीनं उरलेले सगळे बैल उचलले आणि म्हातारे मागतील तो भाव दिला. वर्षभर ते बैल तिच्या माळ्यावर धूळ खात पडले. नवरा रोज विचारायचा, "यायले चारा टाकू काय?"

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका बाईनं दामिनीनं मोबाईलवर टाकलेला फोटो पाहून एक बैल मागवला, तिच्या मैत्रिणीनं दोन. तेव्हापासून दामिनी दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अंजनगावला जाऊन इसार द्यायला लागली. इसार म्हणजे आगाऊ रक्कम. ती एकदा हातावर पडली की वर्षाचे सगळे बैल तिचे, मग कोणी सोन्याच्या मोहरा आणल्या तरी देणं नाही. एकदा नागपूरचा व्यापारी जास्त भाव घेऊन आला आणि पंजाबरावांचं मन डळमळलं, तेव्हा हिनंच बजावलं होतं, "इसार घेतला ना मामा? मंग जबान झाली." म्हाताऱ्यांनी मान खाली घालून व्यापाऱ्याला परत पाठवलं.

पंजाबराव एका बैलाचे नऊशे घ्यायचे. दामिनी तो सहा हजारांना विकायची. हे दोन आकडे एकाच माणसाला माहीत होते, ती दामिनी.

फुटलं ते अकोल्यात. पंजाबरावांची मुलगी प्रतीक्षा तिथे नर्स आहे. एका डॉक्टरांच्या आईला इंजेक्शन द्यायला त्यांच्या बंगल्यावर गेली, तर दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात पिवळा दिवा आणि दिव्याखाली तिच्या बापाचा बैल. डावा कान उजव्याहून थोडा खाली, ती खोड त्यांच्याच हाताची. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं किंमत सांगितली, वर म्हणाल्या, "तेही ओळखीनं मिळाला हो." प्रतीक्षानं बंगल्याच्या फाटकातूनच बापाला फोन लावला.

पोळ्याच्या आधी दामिनी माल घ्यायला अंजनगावला गेली तेव्हा अंगणात बैल रांगेनं मांडून ठेवलेले होते. दर वेळी आधी चहा यायचा, या वेळी आला नाही. तिनं एक बैल उचलून उलटा केला. पोटावर तापल्या सळईनं डागून काळेभोर आकडे काढले होते. ९००. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांच्या पोटावर तेच.

"मामा, हे काय करून ठेवलं?"

"डाग देल्ला," पंजाबराव रंध्याची धार बघत म्हणाले. "डागाबिगर बैल कोनाचा थे कसं समजन?"

"डाग नावाचा असते. हा तं भाव हाय."

"मायं नाव कोन वाचते बाई? भाव सारेच वाचतात."

"तुमी म्हनले तेवढे देल्ले मी. एक रुपया तरी कमी केला काय?"

"नाई केला. खोटं लिवलं असन तं सांग, पुसून देतो."

दामिनीनं बैल पुन्हा रांगेत ठेवला. म्हातारे शांतपणे पुढे म्हणाले, "इसार वापस पायजे असन तं सांग. पोरीकून मागून देतो." इसार परत? ज्या जबानीच्या जोरावर तिनं नागपूरवाल्याला हाकललं होतं, ती आज कोणत्या तोंडानं मोडणार? तिनं पोती भरली, उरलेले पैसे मोजून दिले आणि एसटीत जाऊन बसली. रस्ताभर ती रागानं धुमसत होती. राग म्हाताऱ्यावर होता, त्या नर्सवर होता, डॉक्टरीणबाईच्या लांब जिभेवर होता. परतवाडा गेल्यावर तो थोडा स्वतःवरही आला. आपल्या कायद्यात आपण घेणाऱ्यांचाच विचार केला होता, कोणाचं अडतं नि कोणाचं नाही तो. बैल करणाऱ्याचंही अडतं, हे त्यात कुठेच नव्हतं. तिला ते फार लागलं.

त्या वर्षी सगळा माल आधीच ठरलेला होता. अकोल्याचा अमोल नावाचा सजावटवाला एका नव्या हॉटेलसाठी सगळेच्या सगळे बैल घेणार होता आणि दामिनीनं त्याच्याकडूनही इसार घेतला होता. याच सौद्यावर ती शेजारचा रिकामा गाळा घेणार होती. जिन्याखालून बाहेर पडायचं स्वप्न होतं ते, खूप वर्षांचं.

अमोल आला, बैल पाहून खूश झाला, मग एक उलटा केला.

"मॅडम, हे पॉलिश पेपरनं घासून टाका. पाहुणे उचलून बघतात. नऊशे दिसलं तर काय इज्जत राहील?"

"तुमी हॉटेलवाल्याले कितीले देऊन राहिले?"

अमोल नुसता हसला. दामिनीलाही हसू आलं, कारण ते हसणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. "दोन दिवसांत घासून ठेवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून ती घासायला बसली. सागाचं लाकूड कठीण, डाग खोल गेलेला. मनगट दुखेपर्यंत घासलं तेव्हा एका आकड्याचं शेपूट गेलं. बाहेर कोणाची तरी चाहूल लागली आणि तिनं बैल झटकन ओढणीखाली लपवला. कोणी नव्हतं, क्लासची पोरं जिना उतरत होती. पण आपण लपवलं, हे तिला कळलं, आणि तिचं डोकं भणाणलं. भर दिवसा थेटराच्या पायऱ्यांवर उभी राहून तिकिटं विकणारी बाई आज स्वतःच्या दुकानात, अर्ध्या शटराआड, चोरासारखी बसली होती. चोरी केली नाही म्हणून जन्मभर भांडली आणि आता चोरासारखीच वागत होती.

तिनं शटर धाडकन वर केलं आणि अमोलला फोन लावला. "बैल जसे आले तसे न्या. घासनार नाई."

"मग मला नकोत. इसार परत करा."

"मी देऊन राहिली, तुमी मांगं हटले. ज्यानं मोडलं त्याचा इसार बुडते."

अमोल फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. इसार तिनं परत केला नाही. कोणाला हे आवडणार नाही, पण ती मागे हटली असती तर तिनं दुप्पट मोजले असते, तोच रिवाज आहे. गाळा मात्र गेला. महिनाभरात तिथे मोबाईलचं दुकान लागलं.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी राजापेठेनं पाहिलं ते असं. दामिनीच्या दुकानात दर्शनी फळीवर सगळे बैल पाय वर करून मांडलेले, पोटावर ९००, आणि वर पुठ्ठ्यावर खडूनं: दामिनीचा भाव ६०००. गर्दी जमली. कौशल्याकाकू डाळीचं सूप तसंच टाकून रस्ता ओलांडून आल्या.

"लाज हाय काय दामिने? नऊशेचा सहा हजाराले?"

"हाव. थ्या म्हाताऱ्याले नऊशे कोन देत होतं, काकू? तुमी तं तीनशेच्या वर गेल्या नाई कधी. मी माया डोयानं पाह्यलं."

"केली म्या घासाघीस," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पन नातवाच्या हाती द्यायले केली. दुसऱ्या दिवशी थो बैल दारोदार फिरला. तुया बैल अलमारीतून कधी भायेर निंगला काय?"

  "नाई निंगला," एवढंच दामिनी म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्या दिवशी लोकांनी फोटो खूप काढले. बैल मोजकेच गेले, तेही दोन्ही आकडे वाचून, हसून, पैसे मोजून. बाकीचे माळ्यावर गेले. वर्षभर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना ती बैलाआधी पोटाचा फोटो पाठवत राहिली. बरेच जण त्यानंतर बोलले नाहीत.

आखाजीला ती अंजनगावला पोहोचली तेव्हा तिच्या खांद्यावर पोतं होतं. पंजाबराव तिला बघून खरंच चकित झाले. त्यांना वाटलं होतं, ही बाई आता या गल्लीत पाय ठेवणार नाही.

"इसार आनला," ती म्हणाली. "या वर्षाचा भाव सांगा."

"पंचवीसशे." म्हातारे तिच्या तोंडाकडे बघत होते. "आन सारे बैल देनार नाई. लहाने येगळे काढीन. थ्यायचा इसार मी कोनापासून घेत नाई, थे पोट्ट्यायसाठी. मीच राजापेठेत घेऊन बसीन."

"मायाच दुकानासमोर?"

"तुयाच दुकानासमोर."

दामिनीला झोंबलं. ती काही तरी तिखट बोलणार होती, पण मग तिनं पंचवीसशेच्या हिशेबानं इसार मोजला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हाताऱ्यांनी तो कपाळाला लावून खिशात घातला. त्यांनी आतल्या दिशेला चहासाठी हाक मारली.

मग तिनं पोतं उघडलं. माळ्यावरचे सगळे बैल होते, नऊशेचा डाग असलेले.

"हे वापस घेत नाई मी," पंजाबराव घाईनं म्हणाले.

"वापस कोन देऊन राहिलं? सयई तापवा. तुमच्या आकड्याच्या बाजूले माया आकडा टाका. खडूचा पुसला जाते."

 म्हातारे उठले, चुलीत सळई सरकवली, ती लाल झाल्यावर फडक्यात धरून आले. दामिनीनं पहिला बैल मांडीवर उलटा घेतला.

"बोल. किती टाकू? तीन हजार टाकू काय? कोनी हासनार तरी नाई."

"सहा हजार."

"सारेच वाचतीन, बाई."

"वाचू द्या. इकताना सहा अन् लिवताना तीन, असं मले येत नाई."

त्यांनी सळई टेकवली. सागाचा धूर दोघांच्याही डोळ्यांत गेला. आकडा वाकडा येऊ नये म्हणून दामिनीनं बैल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.