करपलेला कांदा

ऊन असो की नसो, डोक्यावर लाल छत्री उघडी धरून शहराच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांमधून परक्या माणसांना खायला घालत फिरवायचं, हा त्याचा धंदा. छत्री उंच दिसली की मागचा घोळका हरवत नाही, एवढाच तिचा उपयोग. दुकानदार त्याला छत्रीवाला म्हणत. 'रड्या' म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे त्याचा मामा.

फेरी सुरू व्हायची भट्टीच्या पावापासून. मग तळलेला मासा, लोणच्याचं अंधारं दुकान, आणि सगळ्यात शेवटी मामाकडचं कांद्याचं सूप. या फेऱ्या चालवणाऱ्या मालकीणबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घास लहान दे, गोष्ट मोठी सांग. पोट काय, लोक हॉटेलातही भरतात."

मामाच्या सुपाला गोष्ट होती, आणि ती चांगली घरचीच होती. मामाची थोरली बहीण, म्हणजे छत्रीवाल्याची आई, जन्मभर त्या दुकानाच्या मागच्या खोलीत शेगडीपाशी उभी राहिली. पाय सुजायचे, म्हणून आळीपाळीने एकेक पाय लाकडी खोक्यावर टेकवायची. तान्हं पोर बटाट्याच्या पोत्यांआड टोपलीत निजवलेलं. एके दिवशी पोराने असं भोकाड पसरलं की ती कांदा मोठ्या आचेवर तसाच टाकून धावली. पोर शांत करून येते तर कांदा काळा ठिक्कर! फेकून द्यायची ऐपत नव्हती. देवाचं नाव घेऊन तिने त्यातच पाणी ओतलं, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांनी वाडगे चाटूनपुसून साफ केले. दुसऱ्या दिवसापासून ती कांदा मुद्दाम करपवू लागली. ती गेल्यावर मामाही तसाच करपवत आला. तिचा धड एक फोटोसुद्धा नव्हता. मागे राहिली होती ती एवढी कडवट चव.

पण मालकीणबाईंनी नाक मुरडलं. "सुजलेले पाय? जेवताना कोण ऐकेल हे?"

मग छत्रीवाल्याने जहाज रचलं. आजोबा म्हणे लाकडी जहाजावर आचारी होते. आग लागायच्या भीतीने कप्तानाने मोठ्या आचेला बंदी केलेली, म्हणून कांदा मंद आचेवर दिवसभर शिजवायचा. मग वादळ, मग फुटलेलं शीड, आणि थंडीने काकडलेल्या खलाशांच्या हातात हेच सूप. खरं तर आजोबांना नदीच्या पुलावरून जातानाही घेरी यायची. थाप मारायची तर हात आखडता कशाला घ्यायचा?

मामाला या थापेची भारी मौज वाटायची. तो गल्ल्यामागे गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचा आणि वादळ आलं की पातेल्यावर पळी आपटायचा. पाहुणे पांगले की मात्र भाच्याला आत ओढून हळूच म्हणायचा, "जहाज कसलं रे, थापाड्या? तू रडलास म्हणून कांदा करपला!" हे ऐकल्याशिवाय छत्रीवाल्याची फेरी संपत नसे. दिवसातून एवढ्यापुरतीच आई भेटायची, आणि त्याला तेवढं पुरायचं.

मग मामा विसरू लागला. आधी किल्ल्या, मग रोजच्या गिऱ्हाइकांची तोंडं. मामी एकदा कोपऱ्यात बोलावून म्हणाली, "काल मला विचारलं, 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' मी काय सांगू रे?" आणि पदर तोंडाला लावून भांडी घासायला बसली. छत्रीवाल्याने वयाचं कारण सांगून वेळ मारून नेली.

एके दिवशी पाहुणे गेले आणि मामाने त्याला आत ओढलं नाही. छत्रीवाला रेंगाळला, छत्री मिटून पुन्हा उघडली. शेवटी त्यानेच विषय काढला. "मामा, जहाज कसलं रे?"

"मोठं होतं," मामा म्हणाला. "लाकडी."

छत्रीवाल्याने छत्री मिटली. घरी जाताना त्याला एकच धास्ती होती. आईला पाहिलेलं, तिच्याबद्दल बोलणारं हे एकच माणूस, आणि त्याच्या डोक्यातून ती चालली होती. उद्या खरी गोष्ट सांगायची, मामासमोर, मोठ्याने. रोज सांगायची. मालकीणबाई गेल्या खड्ड्यात!

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितली. खोकं, सुजलेले पाय, टोपलीतलं पोर, सगळं. पाहुण्यांचे चमचे हातातच राहिले.

तेवढ्यात मामा गल्ल्यामागून पुढे आला. "कोण बहीण? मला बहीणबिहीण नव्हती. लोकांना काय वाट्टेल ते सांगता!" आणि पाहुण्यांकडे वळून त्याने जहाज सुरू केलं. शब्द छत्रीवाल्याचेच, थांबायच्या जागाही त्याच्याच. वादळ आल्यावर पळी आपटली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. एक बाई छत्रीवाल्याच्या दंडावर थोपटून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पण यांचीच गोष्ट जास्त रंगली." तो हसला. धंदाच तसा होता.

मग त्याने वाडगा तोंडाला लावला. सूप पिवळट होतं, गोड होतं. कडवटपणाचा मागमूस नव्हता.

वाडगा ठेवून तो मागच्या खोलीत गेला. मामा संध्याकाळचा कांदा परतत होता. जहाजावर परतायचे तसा, इवल्याशा आचेवर, सावकाश. छत्रीवाला वाकला आणि त्याने शेगडीचं बटण पूर्ण फिरवलं. कांदा चरचरला. क्षणभर त्या खोलीत ओळखीचा वास आला.

मामाने त्याचं मनगट धरलं. रागाने नव्हे, परक्या माणसाचं धरावं तसं अदबीने, आणि दुसऱ्या हाताने आच कमी केली.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "करपेल."